शशिकलाबाईंनी पारखलेलं यंत्र

शशिकलाबाई मोघे कधी वस्तू विकत घेत नसत. त्या वस्तूची उलटतपासणी घेत. माठ घ्यायचा तर नुसता बोटानं वाजवून त्यांचं समाधान होत नसे. त्यात पाणी भरून तो कुंभारणीच्या ओट्यावरच ठेवायला लावत आणि शेजारी ठाण मांडून बसत. स्टोव्ह घ्यायला गेल्या तेव्हा घरून रॉकेलची बाटली, चहाचं भांडं आणि साखरेची पुडी घेऊन गेल्या होत्या. त्या स्टोव्हवरचा पहिला चहा दुकानदारानं प्याला, तेव्हा कुठे स्टोव्ह घरी आला. इंदूरच्या छत्रीबागेतली सगळी गल्ली त्यांना हसायची, आणि हसून झालं की ज्याला काही घ्यायचं असेल तो हळूच विचारायला यायचा, "वहिनी, उद्या जरा बाजारात चलता का?" आपल्याला वस्तूतलं कळतं याविषयी बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अशा बाईच्या संसारात एकच गोष्ट तपासल्याशिवाय आली होती, ती म्हणजे नवरा. ते काम वडिलांनी परस्पर उरकलं होतं. नशीब म्हणायचं, माल चांगला निघाला. अच्युतराव एका कापड मिलमध्ये साचेखात्याचे मास्तर होते. एका छपराखाली दोनशे साचे, म्हणजे यंत्रमाग, खडखडायचे, कापड विणलं जायचं, आणि तीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून अच्युतरावांचे कान कामातून गेले होते. पार गेले नव्हते. पार गेले असते तर एक वेळ परवडलं असतं, निदान वाद तरी मिटला असता. मिलचा भोंगा त्यांना ऐकू यायचा, टांगेवाल्याची शिवी ऐकू यायची, ओट्यावर बसलेल्या पुरुषांचं राजकारण शब्दन् शब्द ऐकू यायचं. ऐकू यायचं नाही ते फक्त बायकोचं आणि मुलीचं. शशिकलाबाईंना वाटलं, माणूस निम्मं तरी सोंग करतोय. अच्युतरावांना वाटलं, घरातल्या बायका हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागल्यात. दोघंही आपापल्या जागी ठाम राहिली आणि तशीच सात वर्षं गेली.

त्यात अच्युतरावांचा आवाज. मिलच्या माणसाचा आवाज मिलच्याच मापाचा असतो; मीठ मागितलं तरी पलीकडच्या घरातून मीठ यावं असा. आणि पलीकडचं घर होतंही जवळच. मधली भिंत फळ्यांची होती आणि फळ्यांपलीकडे मंगलाबाई राहायच्या. त्या दिवसांत मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची. फायलींच्या पेट्यांबरोबर कारकून यायचे, आणि मंगलाबाईंचे यजमान त्यांतलेच एक. बाई मनानं वाईट नव्हत्या. पण फळीपलीकडचं जे कानावर पडेल ते संध्याकाळपर्यंत गल्लीभर करणं हे त्यांना आपलं कर्तव्य वाटे. राजधानी आली की शशिकलाबाईंच्या घरात बोलण्याची चोरी व्हायची.

पंचावन्न सालच्या वैशाखात ही चोरी त्यांच्या गळ्याशी आली. त्यांची एकुलती एक मुलगी बेबी, दोन वर्षांपूर्वी देवासला दिलेली, अक्षयतृतीयेच्या माहेरपणाला आली होती. गल्ली म्हणाली, पोरीचा चेहरा उन्हानं उतरलाय. तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना आईला तिच्या पाठीवरचे वळ दिसले. बेबीनं पाण्याच्या आवाजाआड सगळं सांगितलं. पोटातलं तीन महिन्यांचं गेलं तेव्हा तिसऱ्याच दिवशी तिला विहिरीवर धाडलं होतं. आणि नवऱ्याचा पट्टा तर त्याच्याही आधीपासूनचा होता. "आई, मला परत नको पाठवू," एवढंच म्हणाली. शशिकलाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. असा संताप त्यांना जन्मात आला नव्हता.

त्याच आठवड्यात सासरहून पत्र आलं, सूनबाईंना आता पोचतं करा. ते अच्युतरावांच्या हाती पडलं. त्यांनी घरात कुणाला न विचारता उलट टपाली उत्तर टाकलं की येत्या रविवारी मी जातीनं मुलीला घेऊन येतो.

आता हे नवऱ्याला सांगायचं कसं? ओरडून सांगावं तर देवासच्या घराआधी छत्रीबागेत निकाल लागायचा. बाहेर कुठे नेऊन सांगावं तर तिथेही ओरडावंच लागणार आणि उत्तर त्याहून चढ्या आवाजात येणार. शशिकलाबाईंनी चिठ्ठी लिहिली. अच्युतरावांनी चष्मा लावला, "बेबीबद्दल नाजूक गोष्ट आहे" एवढी पहिली ओळ खणखणीत आवाजात वाचली आणि विचारलं, "क्या हुआ बेबीला?"

फळ्यांपलीकडे मंगलाबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. शशिकलाबाईंनी चिठ्ठी हिसकावली आणि चुलीत घातली. "काही नाही, पापडांचं!" त्या ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हतबल वाटलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

रस्ता सापडला तो कृष्णपुऱ्यात. तिथल्या शंकररावांच्या चष्म्याच्या दुकानाबाहेर पाटी लागली होती: मुंबईचे एजंट श्री. धारप, कानाची यंत्रं घेऊन, शुक्रवार आणि शनिवार. घरी येऊन शशिकलाबाईंनी नवऱ्याजवळ कानाचं नावसुद्धा काढलं नाही. "शंकररावांकडे नवीन मशीन आलंय म्हणे मुंबईचं," एवढंच त्यांच्या तोंडासमोर येऊन सांगितलं. मशीन म्हटल्यावर अच्युतराव सरसावून बसले.

"मी पण येते," बाई म्हणाल्या.

"तू कायको? तीस साल मशीन चालवतोय मी. मशीनची पारख मला शिकवशील?"

शुक्रवारी पाळी सुटल्यावर ते एकटेच गेले आणि दिवेलागणीच्या आत छाती पुढे काढून परत आले. छाती पुढे काढण्याला कारण होतं. सदऱ्याच्या खिशात साबणाच्या वडीहून मोठा एक डबा होता, कमरेला पट्ट्यानं बांधलेली जड बॅटरी होती, दोहोंना जोडणारी वायर होती, आणि दुसरी वायर गळ्यावरून कानातल्या गुंडीत गेली होती. शंकररावांच्या शब्दावर यंत्र एका रात्रीपुरतं घरी मिळालं होतं.

"तिन्ही मशीन पाहिल्या," अच्युतरावांनी जाहीर केलं. "तिन्हींतून शब्दन् शब्द ऐकला. मग म्हटलं, घ्यायची तर सगळ्यात दमदार घ्या. हिच्यात आतमध्ये रेडिओसारखे व्हॉल्व्ह आहेत!"

शशिकलाबाई चुलीकडे तोंड करून होत्या. त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "भाकरीबरोबर पिठलं चालेल का?"

उत्तर आलं नाही. बेबीच्या हातून ताटली निसटली आणि फरशीवर पडली, तसे अच्युतराव दोन्ही हातांनी कान धरून उडालेच. "देवळातली घंटा वाजली का डोक्यात!" त्यांनी डब्यावरचा खटका बंद केला आणि घाम पुसला. "दुकानात तर एकदम सही चालत होती. इथे काय गडबड झाली?"

हा प्रश्न शशिकलाबाईंनाही पडला. माणूस खोटं बोलत नव्हता. दुकानात सगळं ऐकू आलं आणि घरात काही नाही, म्हणजे तपासणीतच कुठेतरी चूक होती. आणि तपासणीतली चूक म्हटली की त्यांचं डोकं लख्ख चालायचं. त्या चहाचा कप घेऊन नवऱ्यासमोर बसल्या. यंत्र बंदच होतं. त्यांनी एरवीसारखं विचारलं, "साखर घालू?" तर ते म्हणाले, "एक चमचा." समोर बसलं की येतं आणि मागून येत नाही. का?

मग त्यांच्या मनात एक खुळी गोष्ट आली. त्यांनी नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. चहा आणखी देऊ का?

"अर्धाच दे," अच्युतराव म्हणाले.

शशिकलाबाईंनी कप खाली ठेवला. "अहो, मी बोललेच नाही!"

"बोललीस की. पाहिलं ना मी."

पाहिलं! बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. साचेखात्यात कान कुणाच्याच कामाचा नसतो. तिथे कामगार एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन साच्यांपलीकडच्या माणसाला धागा तुटला, धोटा अडकला, बॉबिन आण, सगळं तोंडाच्या हालचालीवरून कळतं. तीस वर्षं हेच करून अच्युतरावांना आपण ऐकतो कधी आणि पाहतो कधी, याचा फरकच उरला नव्हता. धारपांनी समोर बसवून, तोंड नीट हलवून, आपलं नाव काय, हवा कशी आहे, घरी कोण कोण असतं, असले ठरावीक प्रश्न विचारले असणार. मास्तरांनी तिन्ही यंत्रं डोळ्यांनी पसंत केली होती. अशी चूक एखाद्या सोनाराच्या किंवा कारकुनाच्या हातून झालीच नसती. ती मिलमधल्याच माणसाची.

बाईंनी तेवढ्यातच आणखी एक करून पाहिलं. आवाज न काढता, सावकाश ओठ हलवले: बेबीला देवासला पाठवू नका. नेहमीच्या बोलण्यातलं नसलेलं ते वाक्य अच्युतरावांना अर्धंच लागलं. "बेबीला देवासला काय?" ते गरजले. फळ्यांपलीकडे पुन्हा शांतता पसरली. नाही, हा रस्ता बंद होता.

"उद्या मी येणार," शशिकलाबाई म्हणाल्या. या वेळी अच्युतरावांनी वाद घातला नाही.

शनिवारी दुपारी दोघं शंकररावांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत हजर झाली. धारप गोऱ्यापान चेहऱ्याचे, भारदस्त आवाजाचे गृहस्थ होते. नाटकात राजाचं काम करावं असा त्यांचा आवाज. मिलमधल्या बहिऱ्यालाही तो यंत्राशिवाय ऐकू आला असता. टेबलावर तीन यंत्रं मांडलेली होती.

"साहेबांनी कालच पसंत केलंय, बाई," धारप म्हणाले. "आता नुसतं बिल करायचं."

"काल तुम्ही त्यांचे डोळे तपासलेत. आज कान तपासा," शशिकलाबाई म्हणाल्या. "आणि ती रस्त्याकडची खिडकी उघडा. आमचं घर काही तळघरात नाही. टांगे, फेरीवाले, सगळं आत येऊ द्या."

धारपांनी शंकररावांकडे पाहिलं. शंकररावांनी, या बाईंना चष्मा विकल्याचा अनुभव असल्यामुळे, मुकाट्यानं खिडकी उघडली.

शशिकलाबाईंनी नवऱ्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली, स्वतः मागे चार पावलांवर उभ्या राहिल्या आणि वर तोंडावर पदर धरला. आधी कालचंच दमदार यंत्र. त्या बोलल्या. अच्युतराव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "टांगा येतोय. घोडा माझ्या कानातून चाललाय. तू बोललीस का काही?"

दुसरं यंत्र डोक्यावरून पट्टी घेऊन कानामागच्या हाडाला टेकवायचं होतं. बाई त्याला हात लावणार तोच धारप खुर्चीवरून उठले. विक्रीसाठी आलेला माणूस, पण कारागीर जागा झाला की माणूस बदलतो. "ते राहू द्या," ते म्हणाले. "ते वेगळ्या दोषासाठी असतं. साहेबांना भोंगा येतो का ऐकू?"

"येतो."

"पुरुषांचं बोलणं?"

"सगळं."

"आणि तुमचं नाही येत. मुलीचं नाही, चिमणीचं नाही." धारपांनी मान हलवली. "बाई, त्यांचे जाड आवाजाचे कान शाबूत आहेत. बारीक आवाजाचे गेलेत. कारखान्यातल्या माणसांचं असंच होतं. दमदार यंत्र सगळंच मोठं करतं, घोडाही आणि तुम्हालाही. त्यांना फक्त बारीक आवाज उचलून द्यायला हवा. काल माझ्याच आवाजावर परीक्षा घेतली मी. चुकलंच माझं."

म्हणजे सोंग नव्हतं. सात वर्षांत शशिकलाबाई कितीदा रुसल्या होत्या, कितीदा मुद्दाम पाठ फिरवून पुटपुटल्या होत्या आणि उत्तर आलं नाही म्हणून जेवल्या नव्हत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. खुर्चीत भिंतीकडे तोंड करून, शहाण्या मुलासारखं बसलेल्या त्या माणसाच्या सदऱ्याची कॉलर त्यांनी नीट केली.

तिसरं यंत्र सगळ्यात लहान होतं, काड्यापेटीहून थोडं मोठं. ट्रान्झिस्टरवर चालणारं, नव्या तऱ्हेचं. कमरेला बॅटरी नाही, आतच एक छोटा सेल. काल मास्तरांनी खेळणं म्हणून ते बाजूला सारलं होतं. धारपांनी त्याचा बारीक खटका एका बाजूला सरकवला, आवाज निम्म्यावर आणला, यंत्र अच्युतरावांच्या सदऱ्याच्या खिशाला लावलं आणि गुंडी त्यांच्या कानात बसवली.

"सुरुवातीला नवखं वाटेल," ते म्हणाले. "सवय व्हायला महिना लागतो. एकदम आठ तास लावू नका, आणि मिलमध्ये तर मुळीच नाही."

शशिकलाबाई पदराआडून म्हणाल्या, "ऐकू येतंय का?"

अच्युतराव दचकले. मान वळवायला लागले.

"वळू नका."

"तुझा आवाज..." अच्युतराव थांबले. "पत्र्याचा डबा वाजल्यासारखा येतोय. पण तुझाच आहे."

बाई आणखी दोन पावलं मागे गेल्या. आकडे सांगितले, भाज्यांची नावं सांगितली, नवऱ्याच्या मावशीचं नाव विचारलं. बाहेर रस्त्यावर टरबूजवाला ओरडत होता, तरी उत्तरं येत गेली. दोन चुकली, आठ बरोबर आली. बाईंनी एवढ्यावर माठ घेतला असता. पण त्यांना माठ घ्यायचा नव्हता.

"तुम्ही दोघं जरा बाहेर बसता?" त्या म्हणाल्या. "खरी परीक्षा आता आहे." दोन्ही पुरुष निमूट बाहेर गेले. बाईंनी खिडकी लावली, दार लोटलं आणि खुर्चीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आता मध्ये बोलू नका," त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. आणि मग वळ, विहीर, पट्टा, सगळं सांगितलं. असल्या गोष्टी ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात सांगितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज हलू दिला नाही. हलला असता तर एखादा शब्द सुटला असता. अच्युतरावांची पाठ हळूहळू ताठ होत गेली.

"त्या हरामखोराला मी—" ते ओरडले, आणि स्वतःच विंचू चावल्यासारखे कळवळले. त्यांचा आवाज छातीवरच्या यंत्रातून थेट त्यांच्याच कानात शिरला होता. त्यांनी गुंडी चाचपली, यंत्राकडे पाहिलं. मग अगदी दबकत विचारलं, "एवढा मोठा बोलतो मी?"

"सात वर्षं."

ते भिंतीकडेच पाहत म्हणाले, "पाठवायचं उत्तर टाकलं मी. तुला विचारलं पण नाही. मला का नाही सांगितलंस, शशी?"

"सांगत होते," शशिकलाबाई म्हणाल्या.

अच्युतरावांनी खुर्ची वळवली. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "उद्या मी एकटाच जातो देवासला," ते म्हणाले. "तिची पेटी घेऊन येतो. बाकीचं मग वकिलाशी बोलू. बिल्कुल नाही पाठवायची आता तिला." हे सगळं त्यांनी इतक्या हळू सांगितलं की दाराबाहेर बसलेल्या शंकररावांना यंत्र बिघडलं की काय अशी शंका आली.

शशिकलाबाईंनी दार उघडलं. "हेच द्या," त्यांनी धारपांना सांगितलं. "आणि सेल चार जास्तीचे बांधा. सेल इंदुरात कुठे मिळतील, ते या कागदावर लिहून सही करा. महिन्याभरात नाही जमलं तर शंकरराव परत घेतील." शंकररावांनी हे शब्द पहिल्यांदाच ऐकले होते, पण मान डोलावण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

घरी पोचले तेव्हा बेबी रविवारच्या तयारीला लागली होती. न सांगताच. खाली मान घालून ती पिशवीत कपडे भरत होती, आणि तिचा चेहरा पाहवत नव्हता. फळ्यांपलीकडून मंगलाबाईंनी उत्साहानं हाक दिली, "आलात का हो मास्तर? मशीन कैसी निकली?"

मास्तरांनी त्या बाजूला फक्त हात जोडले, जे मंगलाबाईंना दिसणं शक्य नव्हतं. मग ते लेकीजवळ जमिनीवर बसले, छातीवरचं यंत्र नीट केलं आणि तिच्याशी बोलू लागले. शशिकलाबाई सहा हातांवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी कान टवकारले, एक पाऊल पुढेही टाकलं. पण नवरा काय बोलतोय त्यातलं एक अक्षर त्यांना ऐकू येईना. मग त्या तिथेच थांबल्या. बेबीनं बापाच्या यंत्राजवळ तोंड नेऊन काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं बेबीनं पिशवी स्वतःकडे ओढली आणि त्यातली पातळं एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली.